म्हातारीचा पंप

थोरल्याचं गप्प बसणं मला कधीच पटलेलं नाही. लहानपणी पायात काच घुसली तेव्हा हा रडला नाही. फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा मला कळलं. लग्नासाठी मुलगी दाखवली, पसंत आहे का विचारलं, तर यानं मान हलवली. उभी हलवली की आडवी, यावर घरात दोन दिवस वाद झाला. थोरली सून आजही म्हणते, "आई, मला अजून नक्की माहीत नाही." हे सगळं मी पोटात घातलं. पण त्या शुक्रवारी मोजणीच्या शेडमध्ये तो जसा गप्प बसला, ते मी पोटात घालणार नाही.

बोलायला धाकटा होताच. त्याला आम्ही इंजिनियर म्हणतो, आणि तो ते खरं मानतो. एका घरात राहतो, माझ्या हातचा चहा पितो, आणि मला चिठ्ठी पाठवतो. टाइप केलेली. मी अक्षराला अक्षर जोडत वाचली. "विषय : म्हातारी कायमची बंद करण्याबाबत."

चिठ्ठी घेऊन मी तशीच त्याच्या खोलीत गेले.

"अरे, तोंडावर सांगायचंस. माझी मीच बंद झाले असते."

"आई! तळं गं, तळं!"

तळंच. आमचं सगळ्यात जुनं, सहा एकरांचं. पहिल्या वर्षी तळ्यानं चार टोपल्या कोळंबी दिली, तेव्हा आमचे हे म्हणाले, "म्हातारीसारखं आहे. सावकाश, पण देतंय." मी तेव्हा एकोणीस वर्षांची, खूप हसले होते. नाव चिकटलं. आता हे नाहीत, आणि घरात म्हाताऱ्या दोन. नातवंडं "म्हातारी कुरकुरतेय" म्हणाली की मला आधी विचारावं लागतं, तळ्याची झडप की मी.

शेडमध्ये स्टीलचं लांब टेबल आहे. एरवी त्यावर कोळंबी निवडतो, लहान-मोठी वेगळी करतो. त्या दिवशी ते धुऊन पुसून ठेवलेलं, वर पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकासमोर कोरा कागद. टोकाशी इंजिनियर. त्याच्या उजवीकडे माझी लेक, जी हॉस्पिटलात नर्स आहे; रात्रपाळी करून तशीच आलेली, डोळे लाल. डावीकडे थोरला. त्याच्यामागे थोरली सून, किटली धरून. आणि भिंतीशी तिची मुलगी, माझी नात. तिला सगळे फुटपट्टी म्हणतात, कारण सहा वर्षांची असल्यापासून ही जाळ्यातली कोळंबी पट्टीवर ठेवून मोजते. आता ती मत्स्यशेतीचं शिकते, आणि भिंतीवर लावलेला मोठा तक्ता तिनेच केलेला.

मला बसायला गादीची खुर्ची दिली. गादी दिली की समजावं, काहीतरी काढून घेणार आहेत.

"आई, कागद शेवटी आहेत," इंजिनियर म्हणाला. "तळं बुजवून तिथे आणखी बारा तळी करायला आणि विजेची मोठी जोडणी घ्यायला सगळ्यांच्या सह्या लागतात. आधी तक्ता समजून घे."

"बोल. सही करायला मला वेळ लागतो, ऐकायला लागत नाही."

तो उठला, हातात पट्टी घेतली. मास्तर झाला असता तर पोरांचे कान गेले असते.

"डावीकडे आपली चार नवी तळी. दोन एकर. खाली काळं प्लास्टिक, पाणी घुसळायला दिवसरात्र पंखे. चार महिन्यांच्या एका पिकात आठ हजार किलो. उजवीकडे म्हातारी. जागा तिप्पट. त्याच चार महिन्यांत नऊशे किलो."

"ती पंख्याखाली झोपत नाही," मी म्हणाले.

"तेच तर! पंखे नाहीत, तरी वीज बघ. नव्या तळ्यांत एक किलो कोळंबीमागे पावणेचार युनिट. म्हातारीत आठ!" त्यानं आठावर पट्टी आपटली. "दुप्पट. म्हातारी जागा अडवते, वीज खाते, आणि देत काही नाही."

"आणखी काय काय खाते, सांगून टाक. मुलांचं डोकं?"

नर्स हसली आणि लगेच गंभीर झाली. तिनं इंजिनियरला आदल्या दिवशीच फोनवर शब्द दिला होता की मी सही करते. का दिला, ते मला नंतर तिनेच सांगितलं. गेल्या खेपेला ती आली होती तेव्हा थोरला जिना उतरत होता. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून, कठडा धरून. हॉस्पिटलात असे सत्तरीचे लोक बघते मी, ती म्हणाली, दादा बावन्नचा आहे. तिला तळ्याशी देणंघेणं नव्हतं. तिला दादाचे गुडघे दिसत होते. मला वाटलं होतं, ही धाकट्याला फितूर झाली.

"आई, काळ बदललाय," ती म्हणाली. "आता हट्ट नको."

"मी अजून तोंड उघडलं नाही आणि तुला हट्ट दिसला?"

"तुझी हनुवटी दिसतेय मला."

मी थोरल्याकडे पाहिलं. ह्यांच्या पाठोपाठ म्हातारीची झडप सांभाळणारा हा. खाडीला भरती आली की झडप उघडायची, पाणी आत घ्यायचं, ओहोटी लागायच्या आत बंद करायची. पाण्याबरोबर येतं त्यावर म्हातारीची कोळंबी वाढते. झडपेचं लोखंडी हँडल कायम त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत. मला वाटलं, हा बोलेल. हा नाही बोलणार तर कोण? तर साहेब टेबलावरचा थेंब बोटानं लांबवत बसले होते.

फुटपट्टीही गप्प होती, पण तिचं गप्प बसणं वेगळं होतं. ती आपल्याच तक्त्याकडे बघत होती, कुणी आपल्या ताटात दुसऱ्याचं उष्टं वाढावं तसं. तक्ता करतानाच तिला तो आठ खटकला होता. ज्या तळ्यात पंखा नाही ते आठ युनिट खाईल कसं? ती काकाकडे गेली. काका म्हणाला, "जुना पंप आहे. जुन्या वस्तू जास्तच खातात." मग ती बापाकडे गेली. "बाबा, हे बरोबर आहे का?"

बाबांनी मान हलवली.

मी चष्मा लावला, उठले, तक्त्याजवळ गेले. आकडे मला वाचता येतात. आयुष्यभर काटा वाचलाय.

"हे आठ कशाचे गं?"

"पंपाचे, आजी. चार महिन्यांत सात हजार दोनशे युनिट."

"कुठल्या पंपाचे?"

"म्हातारीच्या. बाबांच्या वहीत रोज लिहिलेलं आहे. 'म्हातारीचा पंप, अकरा तास.' 'म्हातारीचा पंप, दहा तास.' मी ते सगळं म्हातारीच्या रकान्यात..." ती थांबली.

मला हसू आवरेना. टेबल धरून हसले. बाटली आडवी झाली.

"आई, काय झालं?" इंजिनियर म्हणाला.

"अरे, म्हातारीत पाणी कशानं भरतं?"

"भरतीनं. झडपेतून."

"मग पंप कशाला?"

त्यानं पट्टी खाली ठेवली.

"तुझी प्लास्टिकची तळी पाच वर्षांपूर्वी खणली, तेव्हा हा पंप आणला. ठेवायला जागा कुठे, तर म्हातारीच्या बांधावर. बांधावर बसतो म्हणून म्हातारीचा पंप. नाव मीच पाडलं. खाडीचं पाणी तिच्यात येतं, स्थिरावतं, गाळ खाली बसतो, आणि ते निवळलेलं पाणी हा पंप उपसून तुझ्या चार तळ्यांना पाजतो. पिणारे तुम्ही, आणि वीज तिच्या नावावर! पाहुणे जेवून गेले आणि बिल स्वयंपाकिणीला!"



फुटपट्टीचा चेहरा उतरला. "माझी चूक आहे," ती म्हणाली. मग खिशातून फोन काढला, तिथेच उभ्या उभ्या गणित केलं, आणि काळ्या पेनानं तक्त्यावर दोन्ही आकडे खोडले. काका "थांब, थांब" म्हणत होता. ती थांबली नाही. "नवी तळी, किलोमागे चार पूर्णांक पासष्ट. म्हातारी..." तिनं वही चाळली. "झडपेवरचा दिवा. नव्वद युनिट. किलोमागे एक दशांश."

"दिवा रात्री विझवत जा," मी थोरल्याला म्हणाले. "म्हातारी फार खाते."

इंजिनियर पाणी प्यायला. पोरगं पडलं तरी उठतं पटकन, हे त्याचं कौतुक मला आहे.

"ठीक आहे. चूक मान्य. पण आई, वीज जास्त लागली तरी त्या विजेतून कमाई होते. वीज, बीज, खाणं, सगळं वजा करून नवी तळी म्हातारीच्या पाचपट देतात. ते तर खोटं नाही?"

"नाही," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? या शेडचं छप्पर त्याच पैशातून झालंय. "देतात. ज्या पिकाला देतात त्या पिकाला देतात."

"म्हणजे?"

"दोन वर्षांपूर्वी झडप दुरुस्तीला काढली. आठ दिवस तू थेट खाडीतून पाणी घेतलंस. नवव्या दिवशी काय झालं?"

सगळ्यांनाच आठवत होतं. कोळंबीच्या पाठीवर रोगाचे पांढरे ठिपके, आणि काळ्या प्लास्टिकवर मेलेली कोळंबी, पाय ठेवायला जागा नाही इतकी. हाच इंजिनियर पाट्या भरभरून काढत होता. दोन दिवस जेवला नव्हता. त्याच आठवड्यात म्हातारीत मात्र काही मेलं, काही जगलं. आम्ही तिच्यातलं विकून पुढचं कोळंबीचं बीज आणलं.

"ते पीक यात धरलंय का गं?" मी तक्त्याकडे बोट केलं.

फुटपट्टीनं काकाकडे पाहिलं. "काका म्हणाले, ते अपवाद म्हणून सोड."

"अपवाद! चार तळ्यांची कोळंबी खड्ड्यात पुरली, आणि अपवाद!"

"आई, पण..."

"छोट्या, माझं ऐक," नर्स मध्येच म्हणाली. ती आता खुर्चीत पुढे सरकली होती. "लाइट गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, तर तुझी तळी किती वेळ टिकतात?"

"रात्री असेल तर तासभर. मग कोळंबी गुदमरते."

"म्हणजे चारही पेशंट मशीनवर. आणि तू घरातला एकटा चालता-फिरता माणूस काढून तिथे आणखी बारा पेशंट झोपवणार?"

"ताई, तू काल हो म्हणाली होतीस!"

"काल मला पंप माहीत नव्हता. आणि मी तुझ्या तळ्यांसाठी हो म्हटलंच नव्हतं."

"मग कशासाठी?"

ती उत्तर देणार तेवढ्यात बाहेर आवाज झाला. थप्प. थोडं थांबून पुन्हा, थप्प. भरतीचं पाणी झडपेच्या फळ्यांवर बडवायला लागलं होतं. आमच्या घरात हा आवाज आला की थोरला उठतो. जेवत असला तर घास ठेवून उठतो. बापाचं प्रेत अंगणात होतं तेव्हासुद्धा उठला होता, झडप उघडून आला आणि मग खांदा दिला.

थप्प.

थोरला उठला नाही.

मला वाटलं ऐकलं नसेल. "अरे, पाणी आलं."

तो टेबलावरचा थेंब लांबवत होता.

"दादा?" इंजिनियर म्हणाला.

"ते उठणार नाहीत," थोरली सून किटली खाली ठेवत म्हणाली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, या शेडमध्ये तिनं चहाशिवाय तोंड उघडलं नव्हतं. "आज नाही उठणार. मला सकाळीच सांगितलंय."

मग थोरला बोलला. खाली बघूनच.

"पंपाचं मला माहीत होतं."

फुटपट्टीच्या हातातून पेन पडलं.

"तू विचारायला आलीस तेव्हाच कळलं मला, कुठे चुकलंय ते. म्हटलं, असू दे." त्यानं पिशवीतून लोखंडी हँडल काढलं आणि टेबलावर ठेवलं. स्टीलवर केवढा आवाज झाला. "आधी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच झडप उघडायचो. महिन्यातले आठ-दहा दिवस. पंप बसला आणि रोज दोनदा उघडायला लागली, कारण रोज उपसतात. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. आज चारला, उद्या पावणेपाचला, आठवड्यानं रात्री दहाला आणि मग पहाटे. पाच वर्षं झाली. मी सलग झोपलेलो नाही. म्हातारी बुजली की झडप गेली. म्हणून गप्प बसलो."

एवढी वाक्यं एका दमात मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मला राग आला की काय झालं, अजून नक्की सांगता येणार नाही. राग मला सोपा जातो, तोच केला.

"मग सांगायचंस! जीभ गहाण ठेवली होती?"

"कुणाला सांगू?"

"मला!"

आता त्यानं वर पाहिलं. "आई, तू म्हणाली असतीस, मी तर तुला कडेवर घेऊन झडप फिरवायचे."

माझ्या जिभेवर अगदी हेच वाक्य तयार होतं. शब्दाला शब्द. ते मी गिळलं. फार कडू होतं.

थप्प. थप्प.

"कुणीतरी उघडा रे ती!" मी ओरडले, आणि इंजिनियर हँडल उचलून धावला. त्याच्यामागे फुटपट्टी. खिडकीतून आम्हाला दिसत होतं. त्यानं हँडल खोबणीत बसवलं आणि जोर लावला. काही हलेना. अजून जोर लावला.

"काका, उलटं फिरवताय!"

त्यानं दिशा बदलली. पुढचं त्याच्याच तोंडचं आहे. दहा फेऱ्यांपर्यंत त्याला वाटलं, यात काय एवढं. विसाव्या फेरीला तळहात भाजायला लागला. तिसाव्याला त्यानं विचारलं, "किती असतात गं?" आणि ती म्हणाली, "उघडायला एक्केचाळीस. बंद करायला तेवढ्याच." तेव्हा त्याला आठवलं की आपण या झडपेवर तक्ते केले, फोटो काढले, कंपनीच्या माणसांना दाखवायला आणलं, आणि हात एकदाही लावला नाही.

तो परत आला तेव्हा शर्ट भिजलेला, तळहात लाल. थोरल्यासमोर उभा राहिला.

"दादा, हे रोज चार वेळा? दोनदा उघडायची, दोनदा बंद?"

थोरल्यानं मान हलवली. उभी. या वेळी कुणाला शंका आली नाही.

फुटपट्टीनं पडलेलं पेन उचललं आणि पुन्हा तक्त्यापाशी गेली. बापाकडे पाहिलं नाही तिनं. रागावलेली होती, आणि तिला रागवायचा हक्क होता. "झडपेच्या फेऱ्या कुणाच्या रकान्यात लिहू, आजी?"

"महिन्यातले आठ-दहा दिवस म्हातारीच्या. बाकीचे नव्यांच्या. ज्याची तहान त्याच्या नावावर."

"झडपेला मोटर बसते," नर्स हळूच म्हणाली. "छोटी. हॉस्पिटलच्या फाटकाला आहे."

"बसते," इंजिनियर तळहातावर फुंकर घालत म्हणाला. "मला कधी सुचलंच नाही."

"तुला आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून," मी म्हणाले.

सह्यांचे कागद मी माझ्याकडे ओढले, त्यांची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारले. टेबल स्थिर झालं. इंजिनियरनं पाहिलं. मग मी गादीची खुर्ची सोडली आणि थोरल्यासमोरच्या बाकावर जाऊन बसले. त्याचा चेहरा किती दिवसांत मी एवढ्या जवळून पाहिला नव्हता. डोळ्यांखाली ह्यांच्यासारख्या पिशव्या आल्या होत्या. हे गेले तेव्हा सत्तरीचे होते.

"ऐक," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "म्हातारी राहणार. मी आहे तोवर आणि नंतरही. त्यात बोलायचं काही नाही. मोटर बसेपर्यंत झडप हा इंजिनियर फिरवेल, चारही वेळा, आणि उलटी फिरवली तर पुन्हा पहिल्यापासून. तू चुकलास. पोटच्या पोरीला खोट्या आकड्यावर उभं केलंस आणि बघत बसलास, ते मी विसरणार नाही, आणि तिची माफी तू तोंडानं मागायची आहेस. आता तुझी शिक्षा. आजपासून एक महिना तू घड्याळाप्रमाणे झोपायचं. पाणी कितीही बडवू दे, उठलास तर माझ्याशी गाठ आहे. आणि महिना झाला की याच टेबलाशी बसून, सगळ्यांसमोर, मला सांगायचं की झडप तुला हवी आहे की नको. नको म्हणालास तरी चालेल. मान हलवलेली चालणार नाही."